घटक ४ : खुर्ची तीच, बसणारा नवा – ‘द वायर’ या दूरचित्रवाणी मालिकेचा अभ्यास

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस :
• ‘द वायर’ या मालिकेच्या निर्मितीची पार्श्वभूमी सांगता येईल.
• रूढ गुन्हेकथा आणि ही मालिका यांच्या रचनेतील भेद स्पष्ट करता येईल.
• कथात्म कलाकृतीत ‘संस्था’ ही पात्राचे कार्य कसे करते, ते उदाहरणांसह विशद करता येईल.
• मालिकेतील भाषा, ध्वनी आणि कथनाची गती यांचे विश्लेषण करता येईल.
• मालिकेच्या मर्यादांची चिकित्सा करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, गुन्हेकथा हा लोकप्रिय कथाप्रकार आपल्या परिचयाचा आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी मराठी वाचकांच्या काही पिढ्यांना या प्रकाराची गोडी लावली. या कथाप्रकाराची रूढ रचना चार टप्प्यांची असते : गुन्हा घडतो, तपास होतो, रहस्य उलगडते आणि गुन्हेगाराला शासन होते. आरंभी विस्कटलेली घडी शेवटी पुन्हा बसते. जग मुळात नीट आहे, त्यात एक माणूस बिघडला होता आणि तो आता सापडला, असा दिलासा ही रचना वाचकाला देते.

प्रस्तुत घटकात आपण हा दिलासा नाकारणाऱ्या एका कलाकृतीचा विचार करणार आहोत. ‘द वायर’ ही अमेरिकेतील एचबीओ या वाहिनीवरील मालिका जून २००२ ते मार्च २००८ या काळात पाच पर्वांत आणि साठ भागांत प्रसारित झाली. बाल्टिमोर शहरातील अमली पदार्थांचा व्यापार आणि त्याचा तपास करणारे पोलीस हा तिचा विषय.

मालिकेचे पहिलेच दृश्य तिची दृष्टी स्पष्ट करते. रात्रीच्या वेळी रस्त्यावर एका तरुणाचे प्रेत पडले आहे. जवळच्या पायरीवर तपास अधिकारी जिमी मॅकनल्टी एका साक्षीदाराशी बोलत बसला आहे. मेलेला तरुण दर शुक्रवारी गल्लीतील जुगाराचे पैसे उचलून पळत असे, बाकीचे त्याला पकडून चोप देत असत आणि पुढच्या शुक्रवारी त्याला पुन्हा खेळायला घेत असत. या वेळी मात्र कोणी तरी त्याच्यावर गोळी झाडली. तो चोरी करणार हे ठाऊक असताना त्याला खेळायला का घेत होता, असे मॅकनल्टी विचारतो. घ्यावेच लागते, ही अमेरिका आहे, अशा आशयाचे उत्तर साक्षीदार देतो.

खून कोणी केला हा प्रश्न येथे मागे पडतो. खेळाचे नियम कोणी ठरवले आणि ते मोडत असूनही खेळ चालू कसा राहतो, हा प्रश्न पुढे येतो. पुढील साठ भाग याच प्रश्नाचा पाठपुरावा करतात.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ शहर आणि लेखक

बाल्टिमोर हे मेरिलँड राज्यातील जुने बंदर आणि औद्योगिक शहर. गोदी, जहाजबांधणी आणि स्पॅरोज पॉइंट येथील बेथलेहेम स्टीलचा प्रचंड पोलाद कारखाना यांवर तेथील कामगारवर्ग पोसला गेला. १९५० साली शहराची लोकसंख्या सुमारे साडेनऊ लाख होती. २००० साली ती साडेसहा लाखांवर आली. उद्योग आटले, सुस्थितीतील कुटुंबे उपनगरांकडे गेली आणि मागे राहिल्या त्या दारे-खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या ओसाड घरांच्या रांगा. या ओसाडीत हेरॉइन आणि कोकेन यांचा व्यापार फोफावला. १९९० ते १९९९ या दशकात शहरात दरवर्षी तीनशेहून अधिक खून झाले. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७१ साली अमली पदार्थांविरुद्ध मोहीम पुकारली होती. तिला पुढे ‘युद्ध’ असेच नाव रूढ झाले. मालिकेतील पोलीस त्या युद्धाचे सैनिक आहेत.

मालिकेचे निर्माते डेव्हिड सायमन हे ‘बाल्टिमोर सन’ या वृत्तपत्राचे गुन्हेवार्ताहर होते. १९८८ साली त्यांनी एक संपूर्ण वर्ष शहराच्या खून-तपास पथकासोबत काढले आणि त्या अनुभवावरील पुस्तक १९९१ साली प्रसिद्ध केले. त्यांचे सहलेखक एड बर्न्स यांनी वीस वर्षे बाल्टिमोर पोलीस दलात काम केले होते आणि त्यानंतर शहरातील सरकारी शाळेत शिक्षकाची नोकरी केली होती. दोघांनी मिळून अमली पदार्थांच्या विक्रीचा एक नाका वर्षभर जवळून पाहिला. त्यावरील पुस्तक १९९७ साली आले आणि २००० साली त्याची लघुमालिका झाली. रिचर्ड प्राइस, डेनिस लेहेन आणि जॉर्ज पेलेकानोस या कादंबरीकारांनीही ‘द वायर’च्या काही भागांचे लेखन केले.

या माहितीतून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, मालिकेतील तपशील पाहिलेल्या जगातून आले आहेत. दुसरी, वार्ताहर, पोलीस आणि शिक्षक या तिन्ही भूमिकांतून लेखकांनी संस्थांचे अंतरंग आतून अनुभवले होते. त्यामुळेच त्यांच्या लेखनात ‘वाईट माणूस’ शोधण्यापेक्षा ‘माणसाला वाईट निर्णयाकडे ढकलणारी व्यवस्था’ शोधण्याकडे कल दिसतो.

४.३.२ कथानकाची रचना

‘वायर’ म्हणजे न्यायालयाच्या परवानगीने संशयितांचे दूरध्वनी-संभाषण ऐकण्याची यंत्रणा. प्रत्येक पर्वात कोणता ना कोणता तपास या यंत्रणेभोवती फिरतो. परंतु प्रत्येक पर्व शहराचे एक नवे दालनही उघडते.

पहिल्या पर्वात एव्हन बार्क्सडेल आणि स्ट्रिंगर बेल यांची विक्रेत्यांची टोळी आणि तिच्यामागे लागलेले पोलिसांचे छोटे पथक समोरासमोर ठेवले आहे. दुसरे पर्व बंदरावर जाते. गोदी कामगारांच्या संघटनेचा नेता फ्रँक सोबोत्का बंद पडत चाललेली गोदी वाचवण्यासाठी राजकारण्यांना पैसे चारतो आणि ते पैसे मिळवण्यासाठी तस्करांना कंटेनर बाहेर काढू देतो. तिसऱ्या पर्वात महापालिकेचे राजकारण आणि सुधारणेचे प्रयत्न येतात. चौथे पर्व माध्यमिक शाळेतील चार मुलांचे आहे. पाचव्या पर्वात वृत्तपत्राचे कार्यालय येते.

मागील पर्वातील दालन नव्या पर्वात बंद होत नाही. प्रेक्षक शाळेत पोहोचतो तेव्हा त्याला नाका, पोलीस ठाणे, गोदी आणि महापौरांचे दालन आधीच ठाऊक असते. म्हणून वर्गात शेवटच्या बाकावर झोपलेला मुलगा पाहताना तो रात्री कोठे जागला असेल हे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. एका दालनात घेतलेला निर्णय दुसऱ्या दालनातील माणसाच्या आयुष्यावर कसा येऊन पडतो, हे दाखवणारी ही रचना आहे. नायकाच्या प्रवासाची सरळ रेषा येथे आढळत नाही. त्या जागी अनेक केंद्रे असलेले जाळे आहे, आणि या अर्थाने मालिकेचे नाते दूरचित्रवाणीवरील नेहमीच्या पोलीसकथेपेक्षा एकोणिसाव्या शतकातील विस्तृत सामाजिक कादंबरीशी अधिक जुळते.

स्वयं-अध्ययन प्रश्न १

रिकाम्या जागा भरा.
(अ) ‘द वायर’ ही मालिका ______ या शहरात घडते.
(आ) सहलेखक एड बर्न्स यांनी पोलीस दलानंतर ______ म्हणून नोकरी केली.
(इ) दुसऱ्या पर्वाचे मुख्य स्थळ ______ हे आहे.

४.३.३ आकड्यांचे राज्य

मालिकेतील सर्व संस्थांना बांधणारे एक समान सूत्र आहे, ते म्हणजे आकडा. खून-तपास पथकाच्या कार्यालयात एक फळा आहे. उलगडा न झालेल्या खुनातील मृताचे नाव त्यावर लाल अक्षरांत लिहितात. उलगडा झाला की ते काळे होते. लाल नावे फार झाली की वरिष्ठांची खुर्ची डगमगते. मग प्रत्येक अधिकाऱ्याचा पहिला विचार ‘हे प्रेत आपल्या हद्दीत येते का?’ असाच असतो.

दुसऱ्या पर्वातील एक प्रसंग या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. वरिष्ठ अधिकारी रॉल्स याने सूड म्हणून मॅकनल्टीची बदली बंदरावरील गस्ती नौकेवर केलेली असते. बंदरात एका कंटेनरमध्ये गुदमरून मेलेल्या तेरा स्त्रिया सापडतात. आणखी एकीचे प्रेत पाण्यात आढळते. ही प्रकरणे आपल्या माथी येऊ नयेत म्हणून सारे विभाग हात झटकतात. मॅकनल्टी भरती-ओहोटी आणि वाऱ्याची दिशा यांचे गणित मांडून मृत्यू शहराच्याच हद्दीत झाल्याचे सिद्ध करतो. त्याची बुद्धी कामी येते. परंतु त्यामागील प्रेरणा मृत स्त्रियांना न्याय मिळावा ही नसते, तर रॉल्सच्या फळ्यावर चौदा लाल नावे चढावीत ही असते. त्या स्त्रियांची खरी नावे मात्र कोणालाच ठाऊक नसतात.

चौथ्या पर्वात हेच सूत्र अधिक भेदक होते. मार्लो स्टॅनफिल्ड याच्या टोळीने मारलेल्या माणसांची प्रेते ओसाड घरांत दडवून दारे पुन्हा फळ्यांनी बंद केली आहेत. लेस्टर फ्रीमन हा चाणाक्ष तपास अधिकारी फळ्यांवरील नव्या खिळ्यांवरून हे ओळखतो. त्याच्या पथकप्रमुखाला आनंद होत नाही, तो संतापतो. वर्ष संपत आले आहे. आता प्रेते बाहेर काढली तर उलगड्याची टक्केवारी कोसळेल. शोध न घेणे हेच त्याच्या दृष्टीने चांगले काम ठरते.

शाळेत वेगळे काही घडत नाही. प्रेझबिलुस्की हा पोलिसातील नोकरी सोडून गणिताचा शिक्षक झालेला तरुण. राज्य-परीक्षेतील गुण वाढावेत म्हणून अभ्यासक्रम बाजूला ठेवून केवळ परीक्षेतील प्रश्नांची घोकंपट्टी घ्या, असा आदेश शाळेत येतो, तेव्हा त्याला त्यात आपल्या जुन्या खात्याचीच रीत दिसते. पोलीस खात्यात दरोड्याची नोंद किरकोळ चोरी म्हणून होते. शाळेत न शिकलेल्या मुलाची नोंद शिकलेला म्हणून होते. पाचव्या पर्वात वृत्तपत्राचे संपादक पुरस्कारांवर डोळा ठेवून काल्पनिक तपशील घुसवणाऱ्या बातमीदाराला पाठीशी घालतात; शंका घेणारा गस हेन्स हा संपादकच दुय्यम कामावर जातो.

येथे मालिकेचा मध्यवर्ती विचार हाती येतो. मोजमाप हे मुळात कामाचे साधन असते. संस्थेचे अस्तित्व मोजमापावर अवलंबून राहिले की साधन हेच साध्य बनते. मग संस्थेतील माणसापुढे दोनच वाटा उरतात : आकडा खोटा करावा किंवा खुर्ची सोडावी. सेड्रिक डॅनियल्स हा अधिकारी अखेरीस पोलीस आयुक्तपदापर्यंत पोहोचतो आणि आकडे फिरवण्यास नकार देऊन ते पद सोडतो. त्याच्या जागी आकडे फिरवणारा येतो. डॅनियल्सचा सचोटीचा निर्णय त्याला स्वतःला वाचवतो. शहराला वाचवत नाही.

४.३.४ पात्रचित्रण : प्याद्यांची गोष्ट

विक्रेत्यांची टोळी हीसुद्धा एक संस्था आहे, हे दाखवणे हा मालिकेचा मोठा विशेष. तिथे पदांची उतरंड आहे, बदल्या आहेत, शिस्तभंगाची शिक्षा आहे. आरंभीच डीअँजेलो बार्क्सडेल याला उंच इमारतीतील मोक्याच्या जागेवरून खालच्या चाळवजा वस्तीच्या अंगणात ‘बदली’ मिळते. मॅकनल्टीला नौकेवर धाडणारे खाते आणि डीअँजेलोला अंगणात धाडणारी टोळी यांचे तर्कशास्त्र एकच आहे. स्ट्रिंगर बेल तर महाविद्यालयात अर्थशास्त्राचे वर्ग करतो आणि टोळीच्या बैठका सभाशास्त्राच्या नियमांनी चालवतो. एका बैठकीत हाताखालचा तरुण निष्ठेने इतिवृत्त लिहू लागतो, तेव्हा गुन्हेगारी कटाची लेखी नोंद ठेवतोस काय, म्हणून बेल त्याच्यावर डाफरतो. हा विनोदी प्रसंग बेलची शोकांतिकाही सूचित करतो. त्याला व्यापारी व्हायचे आहे. पण ज्या व्यवहारात तो आहे, त्याचे नियम त्याला तसे होऊ देत नाहीत.

पहिल्या पर्वाच्या तिसऱ्या भागात अंगणातील दोन पोरे, बोडी आणि वॉलेस, बुद्धिबळाच्या सोंगट्या घेऊन वेगळाच खेळ खेळत असतात. डीअँजेलो त्यांना बुद्धिबळ शिकवतो. राजा कोण, वजीर कोण, हे तो टोळीच्या भाषेत समजावतो. राजा हा राजाच राहतो. प्यादी लवकर मरतात. बोडीला मात्र प्यादे पलीकडच्या टोकाला पोहोचले तर काय होते, यात रस आहे. हुशार प्यादे निभावून नेईल, असे त्याला वाटते. या प्रसंगाचे सामर्थ्य पुढील घटनांत आहे. वॉलेस हा सोळा वर्षांचा मुलगा. त्याने दिलेल्या माहितीवरून टोळीने एका तरुणाला हाल करून मारलेले असते. ते प्रेत पाहून तो खचतो आणि पोलिसांशी बोलतो. टोळीला संशय येतो आणि त्याला ठार करण्याचे काम त्याच्याच मित्रांवर, म्हणजे बोडी आणि पूट यांच्यावर, सोपवले जाते. चौथ्या पर्वाच्या अखेरीस बोडी मॅकनल्टीशी बोलताना आपण पटावरील प्यादीच आहोत हे कबूल करतो. त्यानंतर लवकरच तो स्वतःच्या नाक्यावर उभा राहून लढतो आणि मारला जातो. तो पलीकडच्या टोकाला पोहोचत नाही.

चौथ्या पर्वातील चार मुलांच्या चित्रणात हा विचार परिपूर्ण होतो. मायकेल, नेमंड, रँडी आणि ड्यूकी हे एकाच वर्गातील मित्र. पर्वाच्या आरंभी ती केवळ मुले आहेत : लघवीने भरलेले फुगे फेकणारी, शिक्षकांच्या खोड्या काढणारी. रँडी शाळेतील एका प्रकरणात अडकतो आणि सुटकेसाठी एका खुनाविषयी ऐकलेले सांगतो. पोलिसांच्या हलगर्जीने त्याचे नाव बाहेर फुटते, घर पेटवले जाते आणि तो अनाथ मुलांच्या वसतिगृहात जातो. मायकेल धाकट्या भावाच्या रक्षणासाठी मार्लोच्या टोळीचा आश्रय घेतो आणि शेवटी विक्रेत्यांना लुटणारा बंदूकधारी बनतो. चारही मुलांत गणितात हुशार असलेला ड्यूकी व्यसनाच्या गर्तेत जातो. फक्त नेमंड वाचतो, तोही कोल्विन या माजी पोलीस अधिकाऱ्याने त्याला आपल्या घरी नेले म्हणून.

शेवटच्या भागात प्रेक्षकाला ओळखीच्या जागा नव्या माणसांनी भरलेल्या दिसतात. विक्रेत्यांना लुटणाऱ्या ओमार लिटलच्या जागी मायकेल, व्यसनी बबल्सच्या जागी ड्यूकी, वरिष्ठांना चुकवून न्यायाधीशांकडे जाणाऱ्या मॅकनल्टीच्या जागी सिडनर. खुर्ची तीच, बसणारा नवा. याला अपवादही आहे. बबल्स प्रदीर्घ झगड्यानंतर व्यसनमुक्त होतो आणि आजवर तळघरात राहू देणाऱ्या बहिणीच्या घरी वर येऊन जेवणाच्या टेबलाशी बसतो. ती पायरी चढायला त्याला पाच पर्वे लागतात. व्यक्तीला सुटका शक्य आहे. परंतु तिची सोडलेली जागा रिकामी राहत नाही, असे मालिकेचे म्हणणे आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न २

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) खून-तपास पथकाच्या फळ्यावरील लाल अक्षरांतील नाव काय सूचित करते?
(आ) चार मुलांपैकी कोणाची सुटका होते आणि कशामुळे?

४.३.५ कथनाचे तंत्र

भाषा : मालिकेतील संवाद बाल्टिमोरच्या रस्त्यावरील आफ्रिकी-अमेरिकी बोलीत, पोलिसांच्या कार्यालयीन भाषेत आणि गोदी कामगारांच्या बोलीत आहेत. कोणतेही पात्र दुसऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट केवळ प्रेक्षकासाठी समजावून सांगत नाही. प्रेक्षकाला कान देऊन शिकावे लागते. ही अडचण लेखकांनी हेतुतः ठेवली आहे : चोरून संभाषण ऐकणाऱ्या पोलिसांनाही तीच अडचण असते. काही भूमिका शहरातीलच माणसांनी केल्या. एकेकाळी बर्न्स यांच्या तपासामुळे तुरुंगात गेलेले मेल्विन विल्यम्स मालिकेत चर्चच्या डीकनच्या भूमिकेत दिसतात.

ध्वनी : शीर्षकगीत दर पर्वात तेच, गायक मात्र वेगळे. विषय तोच, दृष्टी बदलती, हे त्यातून सुचवले जाते. प्रसंगांखाली भावना चेतवणारे पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. जे संगीत ऐकू येते ते गाडीतील रेडिओचे किंवा दारूच्या गुत्त्यातील असते. पर्वाच्या शेवटची दृश्यमाला हा ठळक अपवाद. संगीत नसल्यामुळे एखाद्या मृत्यूपाशी काय वाटून घ्यावे, हे प्रेक्षकाला कोणी सांगत नाही.

गती आणि तपशील : तपासातील कंटाळवाणे काम मालिका वगळत नाही. संभाषण ऐकण्याची परवानगी हवी तर इतर उपाय थकले हे न्यायाधीशांना पटवावे लागते. बोलणे गुन्ह्याविषयी नसेल तर ऐकणे थांबवावे लागते. सार्वजनिक दूरध्वनीवर संशयितच आहे हे पाहण्यासाठी कोणी तरी गच्चीवर दुर्बीण घेऊन बसावे लागते. टोळीची पेजरवरील सांकेतिक लिपी प्रेझबिलुस्की उलगडतो, तो प्रसंग वानगीदाखल पाहावा. दूरध्वनीच्या कळफलकावर मधल्या पाचाला ओलांडून समोरचा आकडा घ्यायचा : एकाऐवजी नऊ, दोनाऐवजी आठ, पाच आणि शून्य यांची अदलाबदल. लिपी इतकी सोपी का, तर नाक्यावरील पोरांना ती झटकन वापरता आली पाहिजे. पुढील पर्वांत वापरून फेकून द्यायचे मोबाइल येतात आणि पोलिसांना नवे मार्ग शोधावे लागतात. अशा तपशिलांतून कामाविषयीचा आदर व्यक्त होतो. चांगले काम करणारी माणसे सर्व बाजूंना आहेत, म्हणूनच त्यांच्या कामाचे मातेरे होताना पाहणे क्लेशकारक होते.

४.३.६ शोकात्म जाणीव

सायमन यांनी आपल्या मालिकेचे नाते ग्रीक शोकात्मिकेशी जोडले आहे. ग्रीक नाटकात माणूस देवांच्या इच्छेपुढे हतबल असतो. येथे देवांची जागा पोलीस खाते, राजकारण, शाळा, बाजारपेठ आणि टोळी यांनी घेतली आहे. तिसऱ्या पर्वातील कोल्विनची कथा याचे उत्तम उदाहरण होय. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेला हा अधिकारी आपल्या विभागातील तीन ओसाड जागांत अमली पदार्थांच्या विक्रीकडे काणाडोळा करतो. उरलेल्या वस्तीत शांतता येते. म्हातारी माणसे पुन्हा ओट्यावर बसू लागतात. गुन्ह्यांत चौदा टक्के घट होते. मालिका हा प्रयोग आदर्श म्हणून मांडत नाही : रात्री त्या जागांतून भटकणाऱ्या बबल्सच्या नजरेतून तेथील नरकही दिसतो. प्रयोग उघड होताच राजकीय वादळ उठते, कोल्विनची पदावनती होते आणि विक्री पुन्हा जुन्या नाक्यांवर परतते. प्रयोग बरा की वाईट, याचा शांतपणे विचार करणारी जागाच व्यवस्थेत नाही, हे येथील शोकात्म सत्य.

मराठीच्या विद्यार्थ्यांना येथे ‘अर्धसत्य’ (१९८३) हा हिंदी चित्रपट आठवेल. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवरून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली. तेथेही भ्रष्ट व्यवस्थेत गुदमरणारा पोलीस अधिकारी आहे. परंतु अनंत वेलणकर शेवटी रामा शेट्टीला ठार करून स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन करतो. एका व्यक्तीची कृती, तिची किंमत आणि तिचे नैतिक ओझे यांवर तो चित्रपट थांबतो. ‘द वायर’मध्ये अशा कृतीनंतरचा दुसरा दिवसही दाखवला जातो. त्या दिवशी नाक्यावर विक्री चालूच असते. दोन्ही कलाकृती शोकात्म आहेत. एकीचे केंद्र व्यक्ती आहे, दुसरीचे संस्था.

४.३.७ मर्यादा

पुढील मर्यादांचा विचार करावा. एक, मालिकेतील स्त्रिया संख्येने कमी असून त्यांची अंतर्जीवने पुरुषपात्रांइतकी उलगडत नाहीत. तपास अधिकारी कीमा ग्रेग्ज ही त्यातल्या त्यात भरीव स्त्रीपात्र आहे. दोन, पाचव्या पर्वात मॅकनल्टी निधी मिळवण्यासाठी काल्पनिक खुनी उभा करतो. हे कथानक आधीच्या पर्वांच्या संयत वास्तवाशी विसंगत वाटते. तीन, सामान्य माणसे संघटित होऊन संस्थांना वाकवतात, ही शक्यता मालिकेत फारशी दिसत नाही. प्रत्यक्षात याच बाल्टिमोरमध्ये चर्च आणि कामगार संघटनांच्या लढ्यातून १९९४ साली शहराच्या कंत्राटी कामगारांना निर्वाहयोग्य वेतन देणारा नियम संमत झाला होता आणि अमेरिकेतील इतर शहरांनी पुढे त्याचे अनुकरण केले. संस्थांची ताकद दाखवताना लोकांच्या ताकदीकडे झालेले हे दुर्लक्ष म्हणजे वास्तवाचा विपर्यास की शोकात्मिकेची गरज, याचा निर्णय अभ्यासकाने करावयाचा आहे.

प्रसारणकाळात मालिकेला प्रेक्षक मर्यादित लाभले आणि एमी पुरस्कार एकदाही मिळाला नाही. पुढे मात्र विद्यापीठांतील समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमांत तिचा समावेश झाला. पोलीस कोठडीतील जखमांमुळे फ्रेडी ग्रे या तरुणाचा २०१५ साली मृत्यू झाला, तेव्हा बाल्टिमोरमध्ये मोठा असंतोष उसळला आणि या मालिकेची चर्चा नव्याने झाली.

४.४ सारांश

‘द वायर’ ही रूढ गुन्हेकथेची चौकट नाकारणारी मालिका आहे. पाच पर्वांत नाका, गोदी, महापालिका, शाळा आणि वृत्तपत्र ही दालने एकमेकांत गुंफली जातात. आकड्यांच्या दडपणाखाली प्रत्येक संस्था आपले मूळ प्रयोजन विसरते आणि माणसांना प्यादी बनवते. बोली, पार्श्वसंगीताचा अभाव आणि संथ गती ही तंत्रे याच आशयाला पूरक आहेत. व्यक्ती बदलतात, जागा तशाच राहतात, हे तिचे शोकात्म सूत्र आहे.

४.५ पारिभाषिक शब्द

पर्व : मालिकेतील भागांचा, सलग प्रसारित होणारा एक गट.
संस्था : ठरलेले नियम, पदे आणि उद्दिष्टे असलेली, व्यक्तींच्या पलीकडे टिकणारी व्यवस्था.
शोकात्मिका : माणूस आणि त्याच्याहून प्रबळ शक्ती यांच्या संघर्षातून अटळ विनाश दाखवणारी नाट्यकृती.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) बाल्टिमोर (आ) शिक्षक (इ) बंदर
प्रश्न २ : (अ) त्या व्यक्तीच्या खुनाचा उलगडा अद्याप झालेला नाही, हे लाल नाव सूचित करते. (आ) कोल्विन या माजी पोलीस अधिकाऱ्याने घरी नेल्यामुळे नेमंडची सुटका होते.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘मालिकेतील टोळी आणि पोलीस खाते या एकाच प्रकारच्या संस्था आहेत.’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. बुद्धिबळाच्या प्रसंगाचे मालिकेच्या एकूण आशयातील स्थान स्पष्ट करा.
३. ‘द वायर’ आणि ‘अर्धसत्य’ यांतील शोकात्मतेचे स्वरूप तुलनेने विशद करा.
४. टीपा लिहा : (अ) आकड्यांचे राज्य (आ) मालिकेतील ध्वनियोजना (इ) कोल्विनचा प्रयोग

४.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील एखादी शाळा, रुग्णालय किंवा कार्यालय निवडा. तेथील कामाचे मोजमाप कोणत्या आकड्यांनी होते, याची माहिती तेथील कर्मचाऱ्यांशी बोलून मिळवा. त्या आकड्यांत न मावणारे कोणते काम तेथे रोज होते, याची नोंद घ्या. या नोंदींच्या आधारे दोन पात्रांमधील दहा मिनिटांचा संवाद लिहा. त्यात कोणीही खलनायक नसावा.